तारापूर व वसई : धैर्य आणि विवेक यांची एक कसोटी

बोईसर स्थानकावर उतरून पश्चिमेस समुद्राच्या रोखानें गेलें म्हणजे तारापूर लागतें. १९६९ पासून हें नांव अणुवीजकेंद्रामुळें सर्वतोमुखी झालें असलें, तरी इतिहासाच्या अभ्यासकास तें आठवतें तें तेथील फिरंगी कोटामुळें. शके १६६०, म्हणजे इ. स. १७३९ च्या जानेवारींत, या कोटापुढें जें घडलें त्याचा विचार मराठ्यांच्या विजयाच्या दृष्टीनें पुष्कळ झाला आहे. कोटाच्या आंत जे होते त्यांच्या बाजूनें, व त्यांच्याच धर्मशास्त्राच्या कसोटीनें, तो करावा असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आपल्या नीतिशास्त्रांत संधि, विग्रह, आसन इत्यादि सहा गुण सांगितले असून कोणता केव्हां योजावा हेंच राजकारणाचें मर्म मानिलें आहे. ख्रिस्ती शास्त्रकारांचा पक्ष याहून फार दूर नाहीं. तेराव्या शतकांतील थॉमस अक्विनास यानें विवेकास इतर सद्गुणांचा मार्गदर्शक ठरविलें. आणि धैर्याचीं दोन अंगें, चालून जाणें व टिकून राहणें, सांगून दुसरें श्रेष्ठ मानिलें. येशूनेंही आपल्या शिष्यांस छळाच्या गांवीं अडून न बसतां दुसऱ्या गांवीं जाण्याची मुभा दिली होती.

आतां प्रत्यक्ष घडलेलें पाहूं. तारापूरच्या तटास सुरुंग लावावे लागले. मराठ्यांकडील बाजी भिवराव रेटरेकर यांच्यासारखा मोहरा तेथें पडला. आंतील शिबंदी मोठ्या शौर्यानें लढली, अशी कबुली खुद्द चिमाजीअप्पांनीं दिल्याचें ग्रँट डफ नमूद करतो. तथापि अखेर संख्याबळापुढें तिचा टिकाव लागला नाहीं. हल्ल्यानें घेतलेल्या कोटांत रयतेच्या वतीनें बोलणें लावण्यास अवसरच उरत नाहीं.

वसईस निराळें घडलें. तेथेंही वेढा फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत चालला. मराठ्यांचे पांच हजारांवर लोक जखमी व ठार झाल्याचा आंकडा ग्रँट डफनेंच दिला आहे. परंतु तट फुटल्यावर फिरंग्यांनीं शेवटचा मनुष्य पडेपर्यंत न लढतां कौल मागितला. शिबंदी हत्यारांसह बाहेर पडली. ज्यांस जावयाचें त्यांस जाण्याची, व राहतील त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली.

यावरून तारापूरकर अविचारी व वसईकर शहाणे, असा निवाडा कोणी करील तर तो घाईचा होईल. तीन महिन्यांची झुंज झाली नसती, तर वसईच्या शब्दास वजन आलें असतें काय? शौर्यावांचून विवेक ही नुसती याचना होय. आणि विवेकावांचून शौर्य आश्रितांचा प्राण पणास लावतें. वसईचाच गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रुसावर मारला गेला व १८६२ त संतपदास पोहोंचला. पण त्यानें दिला तो स्वतःचा प्राण. किल्लेदाराच्या ओंजळींत प्राण असतात ते दुसऱ्यांचे. हा भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. येथें चिमाजीअप्पांचेंही श्रेय नमूद करणें न्याय्य आहे. एवढी हानि सोसूनही त्यांनीं सूड न घेतां अटी मान्य केल्या.

मात्र खरी कसोटी लागली ती मागें राहिलेल्यांची. गोरे पाद्री व अधिकारी गेले. देशी ख्रिस्ती आपल्या शेतावाडींत, नव्या राज्यकर्त्यांच्या अमलाखालीं राहिले. त्यांनीं शस्त्र उचललें नाहीं, किंवा उपासनाही टाकली नाहीं. इ. स. १७६० मध्यें आंकेतिल द्यु पेरों हा फ्रेंच प्रवासी साष्टींत आला, तेव्हां मराठ्यांच्या राज्यांत ठाण्यास ख्रिस्ती उत्सव उघडपणें चाललेला, व हजारों लोक त्यास जमलेले त्यानें पाहिले. अक्विनासानें श्रेष्ठ म्हटलेलें टिकून राहण्याचें धैर्य तें हेंच, असें आम्हांस वाटतें.

या लोकांची बाजू बखरींत सांपडत नाहीं. ती सांपडली तर देवळांच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत, जुन्या खतांत व घरोघरच्या पेट्यांत सांपडेल. पालघर ते वसई या पट्टींत फिरणाऱ्या संग्राहकांनीं असे कागद वाळवीच्या मुखीं पडण्यापूर्वीं पाहून त्यांच्या नकला कराव्या, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.