चाळीस दिवस आणि पापलेट

परवा राखेचा बुधवार झाला. कपाळावर राख घेऊन चर्चमधून घरी आलो आणि सवयीने फ्रीज उघडला. समोर आदल्या रात्रीचं चिकन! मुकाट्याने दार लावलं आणि आजी आठवली.

आमच्या वसईत उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण-चिकन नाही, पण मासळी चालते. त्यामुळे घरात शुक्रवार म्हणजे कोळंबीचं कालवण, जमलं तर तळलेलं पापलेट. एकादशी आणि दुप्पट खाशी! आजी मात्र डाळ-भाकरीवर भागवायची. "पापलेट खाऊन उपास कसला रे?" एवढंच म्हणायची.

हे 'चालतं' आणि 'चालत नाही' आलं कुठून, म्हणून मध्ये थोडं वाचलं. गंमत वाटली.

इ.स. ३२५ च्या नायसियाच्या धर्मसभेच्या नियमांत या चाळीस दिवसांचा उल्लेख येतो, तोही एखादी ओळखीची गोष्ट असावी तसा. त्या काळी दिवसातून एकदाच, संध्याकाळी जेवायचं. पण रविवारी उपवास नाही. मग सहा आठवड्यांचे भरतात छत्तीसच दिवस. पोप ग्रेगरी (पहिले) यांनी त्याचाही अर्थ लावला: वर्षाचा दहावा हिस्सा देवाला! पुढे सातव्या शतकाच्या सुमारास चार दिवस मागे सरकून चाळीस पुरे केले. म्हणून आपला उपवासकाळ सोमवारी नाही, बुधवारी सुरू होतो.

मध्ययुगात मांसाबरोबर अंडी, दूध, लोणीही बंद. थंड युरोपात, जिथे तेल महाग, तिथे लोण्यावाचून हाल. मग पैसे भरून सूट घ्यायची. फ्रान्समधल्या रुआँच्या कॅथेड्रलचा एक बुरूज आजही 'लोण्याचा मनोरा' म्हणून ओळखला जातो. तो अशाच पैशांतून उभा राहिला असं सांगतात. १५२२ साली झुरिकमध्ये फ्रोशाउअर नावाच्या मुद्रकाच्या घरी ऐन उपवासकाळात सॉसेज खाल्ली गेली आणि गावभर गहजब झाला. तिथे हजर असलेल्या झ्विंग्ली या धर्मगुरूने स्वतः खाल्लं नाही, पण पुढे प्रवचनात खाणाऱ्यांची बाजू घेतली. स्वित्झर्लंडमधल्या धर्मसुधारणेची सुरुवात इथून धरतात.

आणि मग १९६६. फेब्रुवारीत पोप पॉल सहावे यांनी नियम सैल केले. त्याआधी रविवार सोडून रोज उपवास, म्हणजे दिवसातून एकच पोटभर जेवण. आता सक्तीचे उपवास दोनच उरले: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तेही वयाची एकोणसाठ पूर्ण झाली की माफ.

आजीला ही माफी केव्हाच मिळाली होती. तरी ती जुनंच पाळायची. कॉलेजात असताना मी शहाणपणाने तिला सुनावलं होतं, "आजी, खुद्द पोपनी सोडलं, तू काय धरून बसलीस?" ती काही बोलली नाही. चुलीपाशी गेली आणि रोजच्यासारखे मूठभर तांदूळ डब्यात टाकले.

तो डबा मी कधी लक्षात घेतलाच नव्हता. आपल्या वाट्याचा न खाल्लेला तांदूळ त्यात जायचा आणि ईस्टरच्या आधी एका विधवा बाईच्या घरी पोचायचा. तिच्या जाण्यानंतर आईने सांगितलं तेव्हा कळलं. पाचव्या शतकात पोप लिओ प्रवचनांतून हेच सांगत होते: उपवासात वाचलेलं गरिबाच्या ताटात जाऊ दे. आजीने लिओचं नावही ऐकलं नसेल.

पोप पॉल यांनीही प्रायश्चित्त रद्द केलं नव्हतंच. फक्त सक्ती काढून ते ज्याच्या त्याच्या मनावर सोडलं. माझ्या बाबतीत मन अजून रिकामंच आहे. मागच्या वर्षी चहा सोडला, तेही आठवडाभर, आणि चार जणांना सांगून!

असो. या शुक्रवारी पापलेट आणायचं नाही, एवढं ठरवलंय. ते पैसे कुठे द्यायचे तेही ठरलंय, पण यावेळी सांगणार नाही.

आजीचा तो पितळी डबा कुणाकडे आहे? घरच्यांपैकी कुणी वाचत असेल तर जरूर कळवा.