थंडीची तारीख कुणी ठरवली?



आपल्याकडे उत्तरेसारखं बर्फ पडत नाही. म्हणून थंडीची तारीख पाहून पेरणी करायची ती थंड मुलखातल्या लोकांनी, आपल्याला त्याचं काय, असं पुष्कळ जण म्हणतात. पण निफाडकडच्या द्राक्षबागायतदारांना विचारा. 2018 च्या डिसेंबरअखेर तिथं पारा 2 अंशांच्या खाली उतरला आणि पानावरचं दव गोठलं. सौम्य हवेच्या मुलखात थंडी क्वचित मारते; पण गाफील माणसालाच मारते. म्हणून आपल्या पूर्वजांनी आणि शास्त्रज्ञांनी थंडीची वेळ कशी ओळखली, ते आज पाहू.

पहिलं पंचांग नक्षत्रांचं. सणावारासाठी आपण चांद्र महिने पाळतो, पण पेरणीसाठी जुन्या लोकांनी सूर्याची नक्षत्रं धरली. यात मोठं शहाणपण आहे. लक्ष्मीपूजन 2023 साली 12 नोव्हेंबरला आलं आणि 2025 साली 21 ऑक्टोबरला. तीन आठवड्यांचा फरक! दिवाळी झाली की गहू पेरायचा असं ठरवलंत, तर एका वर्षी पेरणी उन्हाच्या चटक्यात होईल आणि दुसऱ्या वर्षी उशिरा. स्वाती मात्र दर साल 23-24 ऑक्टोबरला लागते आणि विशाखा 6 नोव्हेंबरच्या सुमारास. ऋतू सूर्यावर चालतो, चंद्रावर नाही, हे त्यांनी अनुभवानं ताडलं होतं.

पण नक्षत्रंसुद्धा जागची हलतात, फार हळू. सुमारे 72 वर्षांत एक दिवस. शिवकाळापासून आजवर पाचेक दिवस पुढं सरकली आहेत. पाच दिवसांनी पेरणी बिघडत नाही, हे खरं. पण जुना ठोकताळा दगडावरची रेघ नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

दुसरा टप्पा मोजमापाचा. भारतात हवामान खातं 1875 साली सुरू झालं. 1928 मध्ये त्याचं मुख्य ठाणं सिमल्याहून पुण्यास आलं, आणि 1932 मध्ये पुण्यातच शेतीच्या हवामानाची वेगळी शाखा निघाली. तिची धुरा डॉ. एल. ए. रामदास यांच्याकडे होती. सर सी. व्ही. रामन यांचे हे विद्यार्थी. त्यांनी रात्री जमिनीलगत वेगवेगळ्या उंचीवर तापमान मोजलं. त्या काळी समज असा, की निरभ्र रात्री सर्वांत गार असते ती जमीनच. रामदासांना दिसलं वेगळंच. वारा पडलेल्या, आभाळ मोकळं असलेल्या रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत गार हवा वीतभर ते हातभर उंचीवर असते! परदेशी विद्वानांना हे पटेना. पुढे इतरांनीही मोजून खात्री केली. आज जगात त्या थराला रामदासांचंच नाव आहे.

तुम्हाला याचा उपयोग काय? तुमच्या रोपाचा शेंडा त्याच उंचीवर असतो. वेधशाळेचा तापमापक साधारण चार फुटांवर, पेटीत टांगलेला. म्हणजे बातम्यांत सांगितलेला आकडा आणि तुमच्या रोपाला लागलेला गारठा एक नसतो. शिवाय गार हवा जड. ती पाण्यासारखी उतारानं वाहते आणि खोलगटात साचते. म्हणून एकाच गावात माळावरचं पीक हिरवं राहतं आणि ओढ्याकाठचं करपतं.

तिसरा टप्पा आपल्या रेडिओचा. 1945 साली शेतकऱ्यांसाठी हवामानाचं वृत्त आकाशवाणीवरून सुरू झालं. 1956 साली पुण्याच्या केंद्रानं सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रवणमंडळं भरवली. लोक ऐकत, मग बसून चर्चा करत. आकडा कानावर पडला, पण त्याला आपल्या शिवाराची जोड देणं हे काम शेतकऱ्याचंच राहिलं.

आता कामाचं बोलू.

बागायती गहू 1 ते 15 नोव्हेंबरला पेरा, म्हणजे स्वातीचा शेवट आणि विशाखाची सुरुवात. त्यानंतर दर पंधरवड्याच्या उशिरानं हेक्टरी अडीच क्विंटलच्या आसपास उत्पन्न घटतं. कारण गव्हाला वाढीस थंडी हवी, आणि उशिरा पेरलात तर दाणे भरताना ऊन गाठतं.

द्राक्षाची गोडी छाटणी फार लवकर केली तर परतीच्या पावसात केवडा येतो. फार लांबवली तर गारठ्यात डोळे उशिरा आणि मागेपुढे फुटतात. दोन्ही संकटांमधली फट ओळखणं, हीच बागायतदाराची कसोटी.

उन्हाळी भुईमुगाची घाई करू नका. रात्रीचा पारा 18 अंशांच्या वर जाईपर्यंत बी नीट उगवत नाही. बहुधा 15 जानेवारीनंतर वेळ येते; थंडी रेंगाळली तर आणखी थांबा. कलिंगड-काकडीचंही तसंच.

कडाक्याची रात्र दिसली तर संध्याकाळी हलकं पाणी द्या. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते.

आणि एक वही करा. किमान तापमापक सावलीत चार फुटांवर टांगा, जमल्यास दुसरा रोपाच्या उंचीला लावा. रोज पहाटे आकडा लिहा. पाच वर्षांनी तुमच्या शिवाराची थंडी कधी येते, कधी जाते, कोणत्या तुकड्यात बसते, हे तुम्हाला कळेल. ते कोणत्याही पंचांगात छापलेलं नाही. पूर्वजांनी आभाळाकडे पाहून जे केलं, रामदासांनी काचेच्या नळीनं जे केलं, तेच काम तुम्ही आपल्या बांधावर पुढं न्यायचं आहे.