मोरींचा शंकू आणि आपले अभ्यंकर

कोथरूडहून कर्वे रोडने येताना नळ स्टॉपला डावीकडे वळलं की लॉ कॉलेज रोड. तिथे दामले पथावर भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेली गणितसंस्था.

समीकरणातून बनलेल्या आकाराला कधी टोक येतं, कधी तो स्वतःलाच छेदतो. हे दोष काढून गुळगुळीत आकार मिळवायचा, हा अभ्यंकरांचा प्रश्न. तोही अशा अंकगणितात, जिथे 'पी' या मूळ संख्येपर्यंत मोजलं की पुन्हा शून्य. (कोडवाल्यांनो, आपलं मॉड्युलो!) गुरू झारिस्कींची पद्धत इथे चालत नव्हती. अभ्यंकरांनी १९५६ मध्ये पृष्ठभागांपुरतं ते जमवलं.

हा नुसता हौसेचा खेळ वाटेल. पण शिगेफुमी मोरींचं बघा. आकारावरच्या सगळ्या वक्रांच्या दिशा एकत्र केल्या की एक शंकू होतो. मोरींनी १९८२ मध्ये दाखवलं, की त्याच्या एका बाजूच्या कडा सुट्या-सुट्या असतात आणि अशा प्रत्येक कडेवर खराखुरा वक्र सापडतो. तसे वक्र बिंदूत मिटवत आकार सोपा करत जायचं. निष्कर्ष नेहमीच्या संख्यांबद्दलचा, पण वक्र शोधायला मोरी गेले ते याच 'पी'च्या दुनियेत! १९९० मध्ये त्यांना फील्ड्स पदक मिळालं.

अभ्यंकरांनी १९६६ मध्ये तीन मितीही सोडवल्या, पी ५ पेक्षा मोठा असताना. चार आणि पुढच्या मितींचा प्रश्न अजून खुला आहे.