कोसबाडची टेकडी आणि खेळातून शिक्षण

हल्ली शाळांच्या बोलण्यात ‘गेमिफिकेशन’ हा शब्द फार ऐकू येतो. अभ्यासाला गुण, बिल्ले, पातळ्या, पहिल्या दहांची यादी असं काही जोडलं की मुलं रमतात, असं सांगतात. आज आपण या शब्दाच्या जरा मागे जाऊ. खेळातून शिकवायची कल्पना आपल्याकडे आली कशी, आणि डहाणूच्या आदिवासी पाड्यांत पोहोचल्यावर तिचं काय झालं, ते पाहू.

सुरुवात युरोपातली. फ्रीड्रिख फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी संस्था काढली. पुढे तिलाच ‘किंडरगार्टन’ म्हणू लागले. लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे ही त्याची साधनं. सरकारला यातही धोका दिसला, १८५१ मध्ये प्रशियाने अशा शाळांवर चक्क बंदी घातली! १९०७ मध्ये मारिया माँटेसरीबाईंनी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं. बाई त्याला खेळ म्हणत नसत, ‘काम’ म्हणत. मूल दट्ट्या चुकीच्या भोकात घालतं, तो बसत नाही, मग ते दुसरं भोक शोधतं. चूक साधनच दाखवतं, बाईंनी ओरडायची गरज नाही. म्हणूनच बक्षीस आणि शिक्षा दोन्ही त्यांना नको होत्या.

हा विचार गिजुभाई बधेकांनी भावनगरला नेला. तिथे १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेचं बालमंदिर उभं राहिलं. ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर कामाला लागल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. इथवरची गोष्ट मुख्यतः शहरातल्या, बऱ्या स्थितीतल्या घरांची आहे.

१९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. साल लक्षात घ्या. याच पट्ट्यात, याच वर्षी वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. जिथे मोठ्यांच्या मेहनतीची ही गत, तिथे मुलांच्या खेळाला कोण विचारणार?

पहिली अडचण साधनांची. माँटेसरीची पेटी महाग, खेड्याला न परवडणारी. मग शंख-शिंपले, गारगोट्या, बिया, पानं, माती हीच साधनं झाली. चिंचोके मोजता येतात, पानांच्या आकारांनुसार जोड्या लावता येतात, शिंपले लहान-मोठे मांडता येतात. खर्च शून्य, आणि वस्तू मुलाच्या ओळखीची.

दुसरी अडचण जास्त अवघड होती. मुलं येतच नव्हती. तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द रुजला. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे कळलं, की मोठा मुलगा गुरं राखतो आणि मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते. त्यांना शाळेत बोलावणं म्हणजे घरचा एक हात कमी करणं. म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. धाकटं पाळणाघरात, ताई वर्गात. गुराख्यांसाठी तर वर्गच कुरणात भरवला, ती कुरणशाळा.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. गुण आणि बिल्ले मुलाला वर्गात टिकवतात, हे काही वेळा खरं असेल. पण ही जुनी परंपरा बिल्ल्याला बक्षिसाचाच भाऊ मानेल. तिचं म्हणणं असं, की रस वस्तूत आणि कृतीत हवा, वरून चिकटवलेला नको. कोसबाडने त्यात एक मुद्दा घातला: मुलाला खेळायला मोकळा वेळ आणि मोकळे हात आहेत का, हे आधी बघा. आजच्या भाषेत सांगायचं तर, ज्या घरात एकच मोबाईल आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, तिथल्या मुलीला पहिल्या दहांची यादी काय कामाची?

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. योजनेतल्या सहा सेवांपैकी शालापूर्व शिक्षण ही एक. आपल्या गावची अंगणवाडी पाहायला गेलात, तर आहाराची नोंदवही बघाच. पण मुलांच्या हातात खेळायला काय आहे, तेही बघा.