हाकेला ओ देणारी तल्लीनता



एखाद्या गोष्टीत पूर्ण शिरलेल्या माणसासाठी आपल्या मराठीत किती शब्द आहेत पाहा. तो मग्न असतो, तल्लीन असतो, दंग असतो, गुंग असतो. कामात गढतो, भजनात रंगतो, नातवंडांत रमतो आणि संसारात गुंततो. 'मग्न' म्हणजे मुळात बुडालेला. 'तल्लीन' म्हणजे त्यात विरून गेलेला. 'दंग' आणि 'गुंग' फारसीतून आले. फारसीत 'दंग' म्हणजे थक्क आणि 'गुंग' म्हणजे मुका. गुंग झालेला माणूस हाकेला ओ देत नाही, म्हणून हा शब्द त्याला अगदी चपखल बसला असावा.

हे आम्हांला आमच्याच चुकीमुळे आठवले. नाताळाच्या आधी बोरगावात आम्ही काही जण गव्हाणी सजवत होतो. तणस पसरणे, दिव्यांची माळ लावणे, चांदणी टांगणे चालले होते. वस्तीतली एक आजी दाराशी आली आणि तिने दोनदा हाक मारली. "थांबा आजी, एवढं होऊ द्या," असे म्हणून आम्ही पुन्हा कामाला लागलो. थोड्या वेळाने पाहिले तर आजी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी कळले की नातवाला ताप भरला होता आणि ती त्याला घेऊन एकटीच सौंसरला गेली. देवाच्या दयेने पोरगा बरा झाला. पण ज्याला उतरायला जागा मिळाली नाही त्याच्यासाठी आम्ही गोठा सजवत होतो, आणि दाराशी आलेल्या बाईसाठी आमच्याकडे वेळ नव्हता.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. देवाच्या कामात गढून जावे, पण मुके-बहिरे होऊ नये, हे जमते का? याचे उत्तर आम्हांला पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडले.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडिलांनी त्यांना संस्कृत शिकवण्याची सोय त्या काळाच्या रीतीविरुद्ध घरातच केली. त्या तरुण असतानाच दुष्काळाने आई, वडील आणि मोठी बहीण यांना नेले. पुढे विद्वत्तेमुळे कलकत्त्यात त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले गेले. लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच त्या विधवा झाल्या. पदरी लहान मनोरमा होती. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वैद्यकीय शिक्षण घ्यावे अशी इच्छा होती, पण ऐकू कमी येऊ लागल्याने ती वाट बंद झाली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे हाक ऐकली ती याच बाईने.

11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि नंतर ते पुण्याला नेले. 1896 मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. आपला सौंसर-छिंदवाड्याचा मुलूख तेव्हा त्याच प्रांतात होता. पुण्यातल्या सदनाचेच काम दोन हातांना पुरून उरणारे. तरी रमाबाई स्वतः दुष्काळी भागात आल्या आणि निराधार मुली-बायकांना सोबत घेऊन गेल्या. या मुली पुढे केडगावला राहू लागल्या. तिथली जमीन खरे तर सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून फळबागेसाठी घेतलेली. संत्र्याच्या बागा सांभाळणाऱ्या आपल्या माणसांना तिचे मोल सांगायला नको. त्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो मुली आल्या, आणि त्यांनाही जागा झाली.

या सगळ्या धबडग्यात रमाबाईंनी आणखी एक काम हाती घेतले. बायबल मूळ भाषांतून मराठीत आणायचे. त्यासाठी चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत असलेल्या पंडितेने जड संस्कृत शब्द बाजूला ठेवले आणि साधी मराठी निवडली, कारण हे पुस्तक खेड्यातल्या, नुकतीच अक्षरे शिकलेल्या बाईला वाचता यावे, ही त्यांची इच्छा होती. छापखाना मुक्तीतलाच. खिळे जुळवणाऱ्या आणि कागद छापणाऱ्या तिथल्याच मुली-बायका. या कामात सुमारे अठरा वर्षे गेली. 1921 मध्ये मनोरमा वारली. एकुलती एक लेक गेली तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या, तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते.

बंधू-भगिनींनो, एवढी वर्षे एका ग्रंथात बुडालेल्या बाईला आपण काय म्हणू? मग्न म्हणू, तल्लीनही म्हणू. 'गुंग' मात्र म्हणता येत नाही. कान अधू असूनही त्यांनी हाक ऐकली आणि ओ दिली. ज्यांच्यासाठी ग्रंथ चालला होता, त्या बाया त्यांच्या अंगणातच होत्या. म्हणून पुस्तक आणि माणूस यांत त्यांना निवड करावी लागली नाही.

लूकच्या शुभवर्तमानातल्या दोन बहिणी आठवा. मार्था स्वयंपाकपाण्यात गुंतली, आणि गुंता झाला की जीव कावतो, तसे तिचे झाले. मरीया प्रभूच्या पायांशी रमली. पण तिचे रमणे म्हणजेच ऐकणे होते. आपली सेवा कुठल्या जातीची आहे, हे ओळखायची खूण हीच असेल. कामात असताना आपल्याला ऐकू येते का?

मराठीत यासाठी एक सुंदर शब्द आहे, 'वाहून घेणे'. फूल वाहावे तसे स्वतःला वाहायचे. वाहिलेली वस्तू मग आपली राहत नाही. आपला वेळही नाही.

आजीकडे आम्ही गेलो, क्षमा मागितली. तिने चहा पाजला आणि म्हणाली, "काम व्हतं तुमचं, बापू." ते शब्द अजून टोचतात. पुढच्या नाताळात गव्हाणी करताना एक जण दाराशी बसेल, असे आम्ही ठरवले आहे. तोही गव्हाणीच्या कामातच असेल.

हे प्रभू, तुझ्या कामात आम्हांला रमव, पण आमचे कान उघडे ठेव. आमेन.