हेन्केलसाहेबांचे नाव आणि गुनीनचे वर्तुळ

जुने जिल्हा अहवाल वाचण्याची सवय प्रशासकीय सेवेतील माणसाला एकदा लागली की सहसा सुटत नाही. सारावसुली, नद्यांचे प्रवाह, पिकांच्या जाती अशा रुक्ष मजकुरातून मध्येच एखादी अशी नोंद समोर येते की वाचक थबकतो. जेम्स वेस्टलंड यांचा जेसोर जिल्ह्यावरील अहवाल १८७१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एका नोंदीपासून या लेखाचा आरंभ करतो.

१७८० च्या दशकात जेसोरचे न्यायाधीश व दंडाधिकारी टिलमन हेन्केल यांनी सुंदरबनातील जंगल तोडून तेथे शेती वसवण्याची योजना कंपनी सरकारपुढे मांडली. वसाहतीच्या एका ठिकाणी जंगल साफ करताना त्यांच्या कारभाऱ्याला वाघांचा फार उपद्रव होऊ लागला. कारभाऱ्याने त्यावर एक अजब उपाय योजला. त्याने त्या जागेला साहेबांचेच नाव दिले: हेन्केलगंज. न्यायाधीशसाहेबांचा दरारा वाघांनाही ठाऊक असणार, तेव्हा या नावाच्या ठिकाणी ते आपल्याला त्रास देणार नाहीत, अशी त्याची अपेक्षा होती. पुढे नकाशांत आणि लोकांच्या तोंडी या नावाचे हिंगलगंज झाले. ते गाव आज पश्चिम बंगालच्या उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यात, बांगलादेशाच्या सीमेलगत आहे.

प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले. नंतर मात्र वाटले की या कारभाऱ्याने जे केले ते त्या दलदलीत शतकानुशतके चालत आलेल्या मंत्रविद्येहून वेगळे नव्हते. बलवानाचे नाव घ्यावे, त्या नावाने जागा बांधून घ्यावी आणि मग पाऊल टाकावे. फरक एवढाच की पीराच्या किंवा देवीच्या जागी त्याने जिल्हाधिकारी बसवला.

काही वर्षांपूर्वी निवडणूक निरीक्षक म्हणून माझी नेमणूक दक्षिण चोवीस परगण्यात झाली, आणि ज्या भागाविषयी केवळ वाचले होते तो प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला. कोकणातील खाड्यांच्या काठची कांदळवने ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सुंदरबनाची थोडी कल्पना येईल. मात्र ते चित्र शेकडो पटींनी मोठे करून पाहावे लागेल. भारत आणि बांगलादेश मिळून सुमारे दहा हजार चौरस किलोमीटरचा हा प्रदेश. भारताच्या बाजूला १०२ बेटे, त्यांपैकी ५४ वर मनुष्यवस्ती. दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा जमीन दिसेनाशी होते. चिखलातून कांदळवृक्षांची श्वसनमुळे खिळ्यांसारखी वर आलेली असतात. त्यांतून धावणे माणसाला शक्य नसते, वाघाला मात्र असते. अशा ठिकाणी मध, मेण, लाकूड, मासे आणि खेकडे यांसाठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या जात आली. त्यांच्यासोबत जाणाऱ्या मांत्रिकाला तेथे गुनीन, बाउले किंवा फकीर म्हणतात. आपल्याकडचा भगत किंवा देवरुषी घरी बसून विद्या चालवतो. गुनीनची विद्या चिखलातच चालते.

या विद्येचे तपशीलवार वर्णन डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांनी १८७५ साली प्रसिद्ध केलेल्या बंगालच्या सांख्यिकीय वृत्तांताच्या पहिल्या खंडात आढळते. लाकूडतोड्यांची तुकडी ठरलेल्या जागी पोहोचली की फकीर सर्वांना एकत्र करी, थोडे जंगल साफ करून वर्तुळ आखी आणि त्यात काठ्यापानांच्या सात लहान झोपड्या उभारी. जगबंधू, महादेव, नागदेवता मनसा, काली आणि तिची कन्या कालीमाया यांची स्थाने ठरलेली असत. वनातील आत्म्यांसाठी ओटे असत. एका झाडाच्या बुंध्याला शेंदूर फासून त्यास रक्षाचंडी मानले जाई. त्यांच्याच ओळीत गाझीसाहेब आणि त्यांचे बंधू कालू यांच्या निशाणे लावलेल्या झोपड्या असत, आणि शेवटी वास्तुदेवता. सकाळपासून उपाशी असलेला फकीर स्नान करून, कपाळाला शेंदूर लावून, हात जोडून या सर्वांना विनवी. तांदूळ, केळी, नारळ, साखर यांचा नैवेद्य दाखवला जाई. त्यानंतरच कुऱ्हाड चाले.

हिंदू देवता आणि मुसलमान पीर एका वर्तुळात शेजारी बसलेले पाहून आपल्याला समन्वयाचे कौतुक वाटते. माझ्या मते कारण अधिक व्यावहारिक होते. जेथे जीवच पणाला लागलेला, तेथे कोणताही अधिकारी वगळून चालत नाही. कामाशी ज्याचा ज्याचा संबंध पोहोचतो त्या प्रत्येकाची संमती घ्यावी लागते. आमच्या कार्यालयातील भाषेत सांगायचे तर ही सर्व खात्यांची ना-हरकत होती.

हाच विचार तेथील प्रमुख कथेतही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुन्शी मोहम्मद खातेर यांनी रचलेल्या ‘बनबीबी जहुरानामा’ या काव्यात ती येते. ग्रंथ बंगालीत आहे, पण पाने अरबी ग्रंथांप्रमाणे उलट बाजूने उघडतात. बनबीबी आणि तिचा भाऊ शाह जंगली हे मक्केच्या एका फकिराची मुले. दैवी आज्ञेने ती ‘अठरा ओहोट्यांच्या देशात’ येतात. तेथील सत्ताधीश दक्षिण राय, जो वाघाचे रूप घेतो, त्याची आई नारायणी बनबीबीशी लढते आणि हरते. बनबीबी मात्र त्यांचे राज्य खालसा करीत नाही. प्रदेशाची वाटणी करते. पुढे धोना नावाचा व्यापारी सात होड्या भरून मध-मेण मिळावे म्हणून दुखे या गरीब पोराला वाघाच्या तोंडी द्यायला तयार होतो आणि त्याला बेटावर सोडून निघून जातो. आईने शिकवल्याप्रमाणे पोर बनबीबीचा धावा करते आणि वाचते. तात्पर्य स्वच्छ आहे: जंगलात मोकळ्या हाताने व निर्मळ मनाने जावे, आणि लोभ धरू नये. ज्याला दुसरा आधार नाही त्याचेच जंगल देणे लागते.

गुनीनच्या विद्येत मंत्रांइतकेच महत्त्व नियमांना आहे. शुक्रवारी जंगलात जाऊ नये, कारण तो बनबीबीचा दिवस. जंगल अस्वच्छ करू नये. तेथे मिरच्या जाळू नयेत. पुरुष जंगलात असेपर्यंत घरच्या स्त्रीने केस विंचरू नयेत, कपडे धुऊ नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की होडीतून चिखलात पहिले पाऊल गुनीनने टाकावे. तो परवानगी देईल तेव्हाच बाकीच्यांनी उतरावे.

आता दुसऱ्या वर्तुळाकडे वळू; ते सरकारने आखले. १८१६ साली सुंदरबनसाठी स्वतंत्र आयुक्ताचे पद निर्माण झाले. १८२८ च्या विनियमाने हा प्रदेश सरकारी मालकीचा ठरला. १८२९-३० मध्ये आयुक्त डॅम्पियर आणि मोजणी अधिकारी हॉजेस यांनी जंगलाची उत्तर सीमा आखली. सुंदरबन कोठे सुरू होते हे सांगताना आजही डॅम्पियर-हॉजेस रेषेचाच आधार घेतात. १८७० च्या दशकात वनखाते आले आणि जंगल राखीव व संरक्षित झाले. १९४७ साली एक आंतरराष्ट्रीय सीमा मधूनच गेली. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प, १९८४ साली राष्ट्रीय उद्यान, १९८७ साली युनेस्कोचा जागतिक वारसा. प्रत्येक टप्प्यावर नवी रेषा आली, आणि गाभा क्षेत्रात माणसाने जाणेच बंद झाले. आज होडीसाठी प्रमाणपत्र लागते. त्यांची संख्या मर्यादित असल्याने अनेकदा प्रमाणपत्र एकाचे आणि चिखलात उतरणारा दुसराच, अशी स्थिती असते. प्रमाणपत्र भाड्याने मिळते. धोका मात्र भाड्याने देता येत नाही.

वाघ वाचवण्यासाठी या रेषा आवश्यक होत्या, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. खात्याने माणसांसाठीही प्रयत्न केले. वाघ पाठीमागून झडप घालतो हे लक्षात घेऊन १९८६ साली लोकांना डोक्याच्या मागील बाजूस बांधायला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे देण्यात आले. सुरुवातीच्या काळात मुखवटा घातलेल्यांवर हल्ले झाले नाहीत, असे दिसून आले; पुढे ही पद्धत मागे पडली. वाघाला फसवणारा हा चेहरा म्हणजे सरकारने मोफत वाटलेला ताईतच होता. निरीक्षणावर आधारलेला, पण ताईतच.

वाचकांपैकी काहींना येथे महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आठवेल आणि लेखक कोणत्या बाजूस आहे असा प्रश्न पडेल. मंत्राने वाघाचा जबडा बांधला जातो असे मला वाटत नाही. कित्येक गुनीन स्वतः वाघाचे भक्ष्य झाले आहेत. माझा प्रश्न निराळा आहे. संरक्षणाचे वर्तुळ तुटते, माणूस मरतो, तेव्हा दोष कोणावर येतो?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला अस्वस्थ करणारी गोष्ट दिसली. माणूस मेला की मंत्रविद्या सांगते: त्याचे मन निर्मळ नव्हते, त्याला लोभ झाला, किंवा घरी बायकोने नियम मोडला. विद्या निर्दोष राहते. दोष मृताचा आणि त्याच्या विधवेचा. वाघाने मारलेल्यांच्या विधवांना तेथे ‘बाघ-बिधोबा’ म्हणतात. त्यांच्यातल्या अनेकींना नवरा खाणारी म्हणून हिणवले गेले, वस्तीच्या कडेला राहावे लागले. मांत्रिकाच्या नियमाचा शेवट असा एका बाईला चेटकीण ठरवण्यापर्यंत जातो.

आणि फाइल काय सांगते? तो गाभा क्षेत्रात गेला होता. त्याच्या नावावर प्रमाणपत्र नव्हते. सबब प्रकरण भरपाईस पात्र नाही. येथेही नियम निर्दोष, दोष मृताचा, आणि भोग विधवेचा. उलट कारवाईच्या धाकाने मृत्यूच लपवला जातो. एका मतदान केंद्राची पाहणी करून परतताना होडीवाल्याने बांधावरच्या एका झोपडीकडे हात केला. तो पन्नाशीचा होता. मी त्याला दादा म्हणत असे, तो मला ‘सार’. म्हणाला, “त्या काकीमाचा नवरा खेकडे धरायला गेला, तो गेलाच. कागदावर ताप लिहिलाय, सार. वाघ लिहिला असता तर सोबतच्या तिघांवर केस झाली असती.” मी मतदार यादी तपासायला गेलो होतो, मृत्यूची कारणे तपासण्याचा अधिकार मला नव्हता. मी गप्प राहिलो. ती गप्प राहण्याची आठवण अजून जात नाही.

दोन्ही वर्तुळांत साम्य एवढे आहे, तर फरक कोणता? फरक पहिल्या पावलाचा आहे. नियम सांगणारा गुनीन त्याच होडीत बसलेला असे आणि चिखलात सर्वांच्या पुढे उतरे. त्याचा अंदाज चुकला तर पहिला बळी बहुधा त्याचाच. आपल्या निर्णयाचा धोका आपल्याच अंगावर घेणे, ही त्या विद्येतील एकमेव गोष्ट मला खरोखर सामर्थ्यवान वाटते. आम्ही रेषा आखणारे मात्र रेषेपासून शंभर किलोमीटर दूर, कोरड्या जमिनीवर असतो.

यात सुधारणा अशक्य नाही, हेही घडून गेले आहे. २०२३ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने अशा एका विधवेच्या याचिकेवर निर्णय देताना, मृत्यू गाभा क्षेत्रात झाला की बाहेर यावर भरपाई नाकारता येणार नाही, अशी भूमिका घेतली. प्रवेशाचा नियम मोडणे ही एक गोष्ट आणि वाघाने मारलेल्या माणसाच्या कुटुंबाचा हक्क ही दुसरी. हे दोन प्रश्न वेगळे केले की फाइलीतील मंत्र सुटतो. हल्ल्याची नोंद करणाऱ्या सोबत्यांना भय उरले नाही, तर मृत्यूही आपल्या खऱ्या कारणाने नोंदले जातील, आणि वाघांच्या रक्षणालाही खरी आकडेवारी मिळेल.

सजनेखालीला वनखात्याच्या आवारात बनबीबीचे छोटे देऊळ आहे. वाघावर बसलेली देवी, जवळ दुखे. त्या आवारातून गस्तीला निघणाऱ्या कर्मचाऱ्यालाही चिखलातच उतरायचे असते, त्यामुळे ते देऊळ तेथे असण्याचे मला आश्चर्य वाटले नाही. जे चिखलात उतरतात ते दोन्ही वर्तुळांना मान देतात.

हेन्केलसाहेबांच्या नावाला वाघ भ्याले की नाही, हे मी वाचलेल्या अहवालात नाही. त्या कारभाऱ्याचा विश्वास मात्र नोंदला गेला: सरकारचे नाव घेतले की माणूस सुरक्षित होतो. दोनशे चाळीस वर्षांनंतरही त्या बेटांवरील लोक सरकारचे नाव घेतात, ते प्रमाणपत्राच्या, मतदार यादीच्या, भरपाईच्या अर्जाच्या रूपाने. त्या झोपडीतील काकीमाने ते नाव घेतले तर तिला काय मिळते, यावरून त्या नावाची शक्ती ठरेल.