काकांचा थकवा

आमच्या वटारच्या वाडीत थोरल्या काकांना पक्षाघात झाला. हात-पाय सुधारले, पण केळींना पाणी सोडून आले की दिवसभर आडवे. घरातले म्हणत, ‘आळस भिनलाय.’ मीही म्हणालो होतो.

पक्षाघाताचं वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. त्यानंतरचा थकवा मात्र उपेक्षितच राहिला. १८६९ साली अमेरिकेच्या जॉर्ज बिअर्ड यांनी शिणालाच आजार मानलं, ‘न्यूरस्थेनिया’! वीअर मिचेल तर अशा रुग्णांना आठवडेच्या आठवडे बिछान्यातच ठेवत. पुढे वारं फिरलं. १९६०च्या दशकात आरन बेक यांनी विचार तपासून मन सावरण्याची पद्धत मांडली. २०१२ साली नेदरलँड्समध्ये पक्षाघात झालेल्या ८३ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांच्या अशा गटउपचारानं थकवा उतरला; जोडीला बेताबेतानं वाढवलेला व्यायाम होता, त्यांना गुण अधिक. पुरावा अजून थोडाच आहे, हेही खरं.

काकांना समुपदेशकानं वही दिली. काम, विसावा, पुन्हा काम, सारं लिहायचं. ‘आज जमलं नाही, म्हणजे संपलंच’ असं मनात आलं की तेही लिहून तपासायचं.

आता काका दोन वाफे शिंपतात, बांधावर बसतात, मग तिसरा. काकू तिथेच चहा नेऊन देते.